पुसला असता

मार्चमध्ये मी सतरा रात्री पुसल्या.
माझ्या हातून नाही,
म्हणजे हातूनच, एका ओळीच्या आज्ञेतून:
'टीएमपी'ने सुरू होणारं, तीस दिवसांहून जुनं,
सगळं काढून टाक.

आर्ने दलदलीच्या काठावर बसून घुबडं ऐकतो.
मांडीपर्यंत बूट, थर्मास,
केसाळ टोपी घातलेला माइक.
ज्या झाडाखाली बसला त्याचं नाव तो फायलीला देतो,
आणि ओकला आमच्याकडे म्हणतात तम्मेपू.
गारठलेल्या बोटांनी त्याने त्याचं केलं टीएमपी.

तीनशे वर्षं जागचं न हललेलं झाड
माझ्या प्रोग्रामला तात्पुरतं वाटलं.

बॅकअप त्याच डिस्कवर होता. हसू नका.

आर्ने बसने तार्तूला आला.
रागावला नाही; रागावला असता तर बरं झालं असतं.
टोपी गुडघ्यावर ठेवून एवढंच म्हणाला,
"हेल्वे, त्याला आधी विचारता येत नाही का?"

बैल गेल्यावर झोपा करायला मी बसले.

नवा पर्याय: नुसतं सांग, करू नकोस.
काडी न ओढता जळणाची मोजदाद.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात,
माझ्या आगीला तर फरकच दिसत नव्हता.
पुसणारी ओळ एकाच जागी असेल, असा माझा समज;
निघाल्या चार.
चारही दारांत एकेक 'जर' बसवला,
खोट्या फायलींचं खोटं फोल्डर केलं,
आणि पहिल्याच कोरड्या फेरीत
रिकामी फोल्डरं खरीच नाहीशी झाली.
पाचवी जागा.

काइदो माझ्या खांद्यावरून पडदा वाचत होता.
"हे खोटं बोलतंय," म्हणाला.
"'पुसत आहे' लिहितं आणि पुसत नाही."
खरं होतं.
आमच्या भाषेत क्रियापदाच्या शेपटीला
एक 'क्स' जोडला की घडणारं थांबतं,
उंबऱ्यावर एक पाय उचलून उभं राहतं.
दोन अक्षरांची ती दुरुस्ती,
तिला मी सगळ्यांत जास्त वेळ घेतला.

मग काइदोचं दुसरं: हा पर्याय कशाला?
हाच मूळ स्वभाव असू दे,
ज्याला खरंच पुसायचंय त्याने वेगळं मागावं.
मी म्हटलं, रात्री दोनला कुणी नसताना हे चालतं,
नुसतं सांगत बसेल, ऐकणार कोण?
सकाळी डिस्क गळ्यापर्यंत भरलेली.
दोन रात्रींची बकव्हीटची खिचडी या वादात निवली.
अजून ठरलेलं नाही.

एप्रिलमध्ये, नदीवरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात,
मी ते माझ्याच घरच्या संगणकावर चालवलं.
दोन हजार तीनशे अकरा ओळी.
पुसली असती, पुसली असती, पुसली असती.
आपण काय काय टाकणार होतो,
हे एवढं सावकाश मी कधी वाचलं नव्हतं.
विमा, जुनी बिलं, एका बंद पडलेल्या नाटकमंडळाचं वेळापत्रक.
आणि सोळाशेच्या आसपास कुठेतरी
टीएमपी, नमुना, चाळीस सेकंद.

जानेवारीत आवाजाची पातळी तपासायला
मीच कापून घेतलेला तुकडा.

ऐकला.
थर्मासचं झाकण फिरतं.
हिवाळाभर न गळलेली ओकची पानं
कागदासारखी वाजतात.
घुबड नाही.
आर्ने खोकतो, मग पुन्हा खोकतो,
मग कुणाला तरी, बहुधा मलाच,
"माफ करा" म्हणतो.

मी त्याला तो पाठवला.
दोन दिवसांनी उत्तर आलं:
"मिळाला. यातला खोकला तेवढा पुसता येईल का बघ."

मी लिहिलं: पुसला असता.